राक्षसाचा आवाज परत द्या! थीम पार्कवाल्यांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक, शो डायरेक्टर, आणि तो नवीन शो मिटिंगमध्ये बसून ज्यांनी ज्यांनी पास केला ते सगळे,

विषय : लाईव्ह शोमधला लाईव्ह काढून टाकल्याबाबत.

स. न. वि. वि.

तुमच्या पार्कचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की लोक लगेच तुमच्या समोशाच्या किमतीवर घसरणार आणि मूळ मुद्दा राहील बाजूला. समोशावर मी वेगळं पत्र लिहू शकतो, पण आज विषय तो नाही. आज विषय तुमच्या नवीन स्टेज शोचा आहे, ज्याचे बोर्ड तुम्ही पार्किंगपासून लावलेत, 'भव्य', 'नवा', 'लाईव्ह' वगैरे. यातले पहिले दोन शब्द मला मान्य आहेत.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे हा कोण उपटसुंभ असं वाटायला नको. मी तुमचा पासवाला, सलग सहा वर्षं वर्षाचा पास काढतोय. लालबागच्या चाळीत वाढलो, आता डोंबिवलीला राहतो, घरात आई, बायको आणि एक मुलगी. आम्ही पहाटे साडेपाचला डबे भरून, पाण्याच्या बाटल्या घेऊन निघतो, मग डबे आणि बाटल्या दोन्ही तुम्ही गेटवर काढून ठेवायला लावता, तरी पुढच्या वेळी आम्ही परत भरतो कारण आईला सवय आहे.

आता गंमत अशी की आमच्या चौघांतलं एकच माणूस राइडवाला आहे, आणि ती म्हणजे बायको. मला मोठ्या पाळण्यात बसलं की मळमळतं. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, वर बीपी. आणि मुलीची उंची अजून तुमच्या त्या लाकडी पट्टीला पोचत नाही, दर वेळी ती पट्टीखाली टाचा उंच करून उभी राहते आणि गेटवरचा मुलगा हसून बोटाने खाली बघ म्हणतो. म्हणजे चार तिकिटं, आणि त्यातली तीन माणसं दिवसभर शोसाठीच आलेली. तुमच्या हिशोबात शो म्हणजे दुपारच्या उन्हात लोकांना दोन घटका बसवायची सोय असेल, पण आमच्यासाठी पार्क म्हणजेच तो शो होता. आणि आमच्यासारखे खूप असतात हो, जरा दुपारी तीनला त्या मांडवात डोकावून बघा, निम्म्या आज्या आणि कडेवरची पोरं.

तर जुना शो. तो काय ग्रेट होता अशातला भाग नाही. पडदे फाटलेले, राजाचा मुकुट सारखा कपाळावर यायचा, राणीचं गाणं मी सहा वर्षांत एकदाही सुरात ऐकलं नाही. पण स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात एक ढोलकीवाला आणि एक पेटीवाला बसायचे, खरे, आणि मधोमध यायचा तो राक्षस. काळं तोंड, लाल जीभ, पायात चाळ, आणि आवाज असा की मागच्या रांगेतलं झोपलेलं पोर उठून बसायचं. तो आला की आधी गोष्ट पुढे न्यायचाच नाही, आधी लोकांची हजेरी घ्यायचा. "कुठून आलात?" कोणी ओरडलं ठाणा, कोणी ओरडलं नाशिक. मी एकदा ओरडलो, "डोंबिवली!" तो थांबला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मग बसलात कशाला? तुम्हाला उभं राहायची सवय!" अख्खा मांडव हसला, माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्या पाठीवर थाप मारून हसला. तो डायलॉग कुठल्या कागदावर नव्हता. पुढच्या वेळी मी परत ओरडलो डोंबिवली तर तो म्हणाला, "परत आलास? लोकल चुकली का?"

आणि एकदा आईला विचारलं. आई पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेली, त्याने खाली वाकून विचारलं, "आये, खंयसून इलंस?" आई आधी लाजली, मग म्हणाली कुडाळ. "मगे कोंबडी-वडे खंय?" म्हणाला तो. आमची आई, जी नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा मोठ्याने बोलत नाही, ती दोनशे-तीनशे लोकांसमोर राक्षसाला म्हणाली, "पयला काम कर, मगे गावतले." (आधी काम कर, मग मिळतील.) त्या दिवसापासून आमच्या घरी तुमच्या पार्कचं नाव कोणी घेत नाही, 'राक्षसाकडे जाऊया' असंच म्हणतात.

नंतर शो संपल्यावर मी मागच्या बाजूला गेलो होतो, तेव्हा कोणी अडवत नव्हतं. तो पत्र्याच्या शेडखाली बसून रंग पुसत होता, खोबरेल तेल लावलेल्या फडक्याने, शेजारी ग्लुकोजच्या पाण्याची बाटली आणि कागदाच्या पुडीत सुंठ आणि खडीसाखर. घसा जपावा लागतो म्हणाला, दिवसाला पाच शो. देवगडकडचा माणूस, जत्रांच्या दिवसांत दशावतारात काम करायचा, बाकीचे महिने इकडे. मला तेव्हा कळलं की ही हजेरी घ्यायची कला आली कुठून. दशावतारात छापील संहिता अशी नसतेच, आख्यान काय लावायचं ते ठरतं आणि संवाद नट रात्रभर उभ्याउभ्या जुळवतात, समोर बसलेल्या गावाला बघून. म्हणजे तुमच्याकडे काहीशे वर्षांची तयार कला पगारावर होती, आणि तुम्हाला बहुतेक तो फक्त 'व्हिलन' वाटला.

आता मे महिन्यातलं सांगतो. आम्ही नवीन शो बघायला आलो, खूप हौसेने. मागे घराएवढी एलईडी वॉल, धूर, लेझर, डान्सर पण चांगले, मान्य करतो, पोरांनी मेहनत घेतलीय. राक्षस आला तो फोमच्या डोक्यात, दीड फुटाचं तोंड, आत माणूस आहे की नाही कळायला मार्ग नाही. आवाज आला स्पीकरमधून, हिंदीत, कुठल्या तरी डबिंगच्या स्टुडिओतला, एकदम घोटीव. मुलगी सवयीने ओरडली, "डोंबिवली!" राक्षसाने मान डोलवली आणि पुढचं वाक्य बोलला. ती परत ओरडली. मग तिने माझ्याकडे बघितलं, "बाबा, त्याला ऐकू येत नाहीये का?" काय सांगू तिला? ऐकू येतच नव्हतं त्याला, आणि आलं असतं तरी बोलायची सोय नव्हती, तोंड फोमचं आणि आवाज पेन ड्राइव्हमधला.

आणि मग ते झालं. साधारण बाराव्या मिनिटाला आवाज अडकला. "मैं तुम्हें, मैं तुम्हें, मैं तुम्हें" असं चार-पाच वेळा झालं आणि सगळं बंद. मागची वॉल निळी पडली. राजा हात वर करून उभा, राणी गुडघ्यावर, राक्षस पाय उचललेला, एकालाही काय करावं कळेना, कारण आवाज, वॉल, लाईट सगळं एकाच टाइमकोडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एकाच घड्याळावर बांधलेलं असणार, ते थांबलं की माणसंही थांबली. एक मिनिट तरी ते तसेच उभे होते. मला त्या पोरांची इतकी दया आली. मग ती विंगेत गेली, मागे मागे सरकत, आणि अनाउन्समेंट झाली की तांत्रिक कारणामुळे शो इथेच थांबवण्यात येतोय, बाहेर जाण्याचा मार्ग डावीकडे आहे.

हेच जुन्या शोला झालं होतं बरं का. चार वर्षांपूर्वी पावसात लाईट गेली, माईक गेले, पंखे गेले. राक्षस तसाच पुढे आला, दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, "बिल भरलं नाही वाटतं राजाने!" ढोलकी चालूच होती. पुढची पंधरा मिनिटं उघड्या आवाजात शो झाला, लोकांनी मोबाईलचे टॉर्च लावले, आणि राणीचं ते बेसूर गाणं आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं. मी मुंबई-ठाण्यात भरपूर नाटकं बघितलीत, शिवाजी मंदिर, गडकरी, दीनानाथ, वडील मिलमध्ये होते आणि कामगारांच्या नाटकात काम करायचे त्यामुळे परळच्या दामोदरच्या विंगेत तर लहानपण गेलंय, पण ती पंधरा मिनिटं मला त्या सगळ्यात वरची वाटतात.

तर साहेब, माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आवाजाचीच. मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. दिवसाला पाच शो, बाजूला रोलर कोस्टरची किंचाळी, घामाने कॉलर माईक मरतात, आवाज बसला की नट बदलायला लागतो, आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावला की प्रत्येक शो सेम टू सेम. सगळं खरं आहे. मैदानावरच्या महानाट्यांनाही ट्रॅक लावतात, घोडे पळतायत, तोफा उडतायत, तिथे मी कधी तक्रार केली नाही कारण तिथला नट माझ्यापासून कुठच्या कुठे असतो. पण तुमचा मांडव तेवढा नाही हो! सातव्या रांगेतून मला राजाच्या गळ्यातल्या माळेची वीण दिसते. तिथे ओठ हलतायत आणि आवाज डोक्यावरच्या स्पीकरमधून पडतोय हे दुसरीतल्या पोरालाही कळतं. नाचाला ट्रॅक लावा, युद्धाला लावा, गाण्यालाही लावा, पण जो माणूस लोकांशी बोलतो त्याच्या तोंडाशी माईक द्या. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली संगीत नाटक उभं केलं तेव्हापासून लोक 'वन्स मोअर' ओरडतायत. पेन ड्राइव्हला कोण वन्स मोअर देणार?

दुसरं म्हणजे भाषा. शो हिंदीत करू नका असं मी म्हणत नाहीये, सुरतेहून लोक येतात, इंदूरहून येतात, त्यांनाही समजलं पाहिजे. जुना शो पण खिचडीच होता, राक्षस समोरचा माणूस बघून भाषा बदलायचा, गुजराती बाईंना गुजरातीत टोमणा, कोल्हापूरच्या ग्रुपला कोल्हापुरीत. त्यासाठी काही धोरण वगैरे लागलं नव्हतं, एक माणूस लागला होता. आता सगळ्या शोमध्ये मिळून मराठी वाक्य किती, तर एक. "मोबाईल बंद ठेवा."

तिसरं, पुढच्या चार रांगा. त्या आता महागड्या पासवाल्यांना. धंदा आहे, करा, पण मे महिन्यात तीनच्या शोला मी मोजलं, त्या चार रांगांत अकरा माणसं होती आणि मागे लोक पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते, आणि तुमचा माणूस आईला सांगत होता की काकी इथे बसता येणार नाही. ज्या रांगेत तिने राक्षसाला उत्तर दिलं होतं तीच रांग. शो सुरू झाल्यावर रिकाम्या खुर्च्या सोडायला काय जातं?

चौथं तुमच्याच पोरांबद्दल आहे. मे महिना, दुपार, पत्र्याचा मांडव, आणि आत फोमचं डोकं. आमच्याकडे साध्या सुती शर्टात माणूस पिळून निघतो. शो बंद पडल्यावर राक्षसाने विंगेत जाऊन ते डोकं काढलं तेव्हा पडद्याच्या फटीतून मला दिसलं, वीस-बावीसचा पोरगा, केस कपाळाला चिकटलेले, भिंतीला टेकून नुसता तोंडाने श्वास घेत होता. त्याला कोणी पाणी दिलं की नाही ते दिसलं नाही, पडदा पडला. डोक्यात छोटे पंखे बसवता येतात, दोन माणसं आलटून पालटून घेता येतात, दुपारचा एक शो संध्याकाळी ढकलता येतो. हे काही मी नवीन सांगत नाहीये, तुमच्यातल्या कोणीतरी एकदा ते डोकं घालून २२ मिनिटं नाचावं एवढंच म्हणणं आहे. आणि त्यांची नावं बाहेर बोर्डावर लावा ना! नाटकाच्या जाहिरातीत लाईटवाल्याचं नाव असतं, तुमच्याकडे फक्त वॉलच्या कंपनीचं आहे.

छोटी तक्रार : शो ४० मिनिटांवरून २२ मिनिटांवर आलाय आणि तिकीट मात्र वाढलंय. पुढे काही बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल की बाहेरच्या देशात असंच असतं, टेक्नॉलॉजी, इंटरनॅशनल स्टँडर्ड. मी बाहेर गेलेलो नाही, पण वाचतो, व्हिडिओ बघतो, हा माझा छंदच आहे. कॅलिफोर्नियात डिस्नेच्या पार्कात २००३ पासून २०१६ पर्यंत अल्लादीनवर स्टेज शो होता, चांगलं दोन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं थिएटर, उडता गालिचा वगैरे सगळं होतं, पण लोक परत परत जायचे ते दिव्यातल्या जिनसाठी, कारण तो रोजच्या बातम्यांवर कोट्या करायचा, आजचा विनोद उद्या नसायचा. तो शो बंद करून दुसरा आणला तेव्हा तिथले फॅन हळहळले ते बरंचसं त्यामुळेच. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत पाण्यातला स्टंट शो आहे, १९९५ पासून चालूय, तिथे शो सुरू व्हायच्या आधीच कलाकार पुढच्या रांगांना भिजवून काढतात, लोक मुद्दाम त्या रांगांत बसतात. (तिथे पुढची रांग म्हणजे ओलं व्हायची तयारी, आपल्याकडे जादा पैसे.) आणि फ्रान्समध्ये पुई द्यु फू म्हणून पार्क आहे, तिथे रोलर कोस्टरच नाहीत, अख्खं पार्क शोवर चालतं, तिथल्याच इतिहासावर. त्याची सुरुवात १९७८ साली एका रात्रीच्या शोने झाली आणि त्यात काम करायला आसपासच्या गावातले लोक हौसेने येतात. टेक्नॉलॉजी त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा कमी नाहीये. वॉल माझी दुश्मन नाही हो, राक्षसाच्या मागे वॉल असती तर मी पहिली शिट्टी मारली असती.

आपल्याकडे तर माणसांची कमी नाही. गणपतीत गिरगाव-लालबागमध्ये चलचित्रांसोबत जिवंत देखावे होतात, गल्लीतली पोरं दहा दिवस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम करतात. एकांकिका स्पर्धांतून दर वर्षी केवढी तरी कॉलेजची पोरं तयार होतात आणि मग काम शोधत फिरतात. कोकणात नमन आहे, जाखडी आहे, दशावतार आहे, देशावर तमाशातले सोंगाडे आहेत, ज्यांचं पोटच मुळी समोरच्या माणसाला उलट उत्तर देण्यावर चालतं. एक फोन लावायचा अवकाश आहे.

तर मागण्या सरळ आहेत. राक्षसाला आणि विदूषकाला चालू माईक द्या, आणि सुरुवातीची पाच मिनिटं टाइमकोडच्या बाहेर काढून त्यांच्या ताब्यात द्या, वॉलवर काय ते ढग-बिग फिरवत ठेवा. एक ढोलकीवाला परत बसवा, ट्रॅक अडकला तर तोच वाचवेल तुम्हाला. दिवसातला एक शो मराठीत करा, आणि त्याची वेळ तिकीट काढतानाच कळू द्या. शो सुरू झाला की पुढच्या रिकाम्या रांगा म्हाताऱ्यांना आणि उंचीत न बसणाऱ्या पोरांना सोडा. कलाकारांना उन्हात बदली माणूस द्या. शो मध्ये बंद पडला तर त्याच दिवशी परत दाखवा, बाहेरचा रस्ता डावीकडे आहे हे आम्हाला माहितीये. आणि जुन्या टीममधले जे कोणी यायला तयार असतील त्यांना बोलवा, निदान नव्या पोरांना शिकवायला.

यातलं काहीच कोटीच्या घरातलं नाही. त्या वॉलचे चार चौकोन कमी लावले असते तरी भागलं असतं बहुतेक, पण तो तुमचा हिशोब.

त्या दिवशी बाहेर पडताना तुमच्या स्टाफमधल्या मुलीने टॅबवर फीडबॅक मागितला, पाच चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मी म्हटलं लिहायची जागा कुठेय? ती म्हणाली सर लिहायचं नसतं, फक्त चेहरा दाबायचा. म्हणून हे पत्र.

आमचा पास ३० तारखेला संपतोय. बायको म्हणते राइडसाठी काढूया. मुलीने परवा भिंतीवर पेन्सिलने उंचीची खूण केलीय, अजून चार बोटं कमी पडतायत. आई काहीच बोलत नाही, काल फक्त डाळ निवडता निवडता विचारलं, "तो आपला राक्षस गावाक गेलो काय रे?" मी म्हटलं विचारून सांगतो.

तर विचारतोय.

आपला,
सातव्या रांगेतला डोंबिवलीकर